रंगाचं मी बघते

पाटी फाटकावर नीट बसेना, तेव्हा रंगवालीनेच हातोडी घेतली. ‘घर विकणे आहे.’ पाटीला आधीचीच पाच भोकं होती, पण एकही जागेवर येईना. तिने सहावं पाडलं.

“जरा उजवीकडे, ताई,” मास्तर म्हणाले. “लांबून दिसली पाहिजे.”

“दिसेल हो. आंधळ्यालासुद्धा दिसेल.”

मास्तर म्हणजे बँडमधून निवृत्त झालेले ट्रंपेटवाले. घर कोपऱ्यावरचं, एक फाटक रंगवालीच्या गल्लीत, दुसरं मागच्या गल्लीत, आणि मधली भिंत रंगवालीच्या भिंतीला चिकटलेली. पहाटे पाच ते सात ट्रंपेट, संध्याकाळी चार ते आठ ट्रंपेट. रंगवालीच्या घरातल्या चमच्यांनासुद्धा एव्हाना ती धून पाठ झाली होती. मुलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा सात आठवड्यांवर आलेली, आणि पोरगी कानात कापूस कोंबून, वरून उशी बांधून पुस्तकापुढे बसलेली.

विनवण्या झाल्या, भांडण झालं, अबोला झाला. मग एक दिवस मास्तर आपणहून म्हणाले, “तुम्हाला त्रास होतो, कळतं मला. विकून टाकतो घर, जातो थोरल्याकडे. पण या अवतारात हे घेणार कोण?”

रंगवाली आत जाऊन बघून आली. भिंतींचे पोपडे सुटलेले, खिडक्यांचा रंग उडालेला, स्वयंपाकघर बोळकांडीसारखं काळं. न्हाणीघर तेवढं लखलखीत. टाइल्समध्ये बघून भांग पाडावा अशा.

“हे कसं काय वाचलं?”

“तुमच्या घरात तुमच्या आधी एक फरशीवाले राहायचे. देवमाणूस. हौसेने बसवून दिल्या.”

रंगवालीचं बाजारात रंगाचं दुकान होतं. तिने बाह्या सरसावल्या. “रंगाचं मी बघते, मास्तर.”

दुसऱ्या दिवशी शिडी आली, पत्र्याचे डबे आले. रोज चारच्या आत दुकान बंद करून ती थेट मास्तरांकडे. पोपडे खरवड, भेगांत लांबी भर, घासून काढ. काम चालू असेपर्यंत मास्तर ट्रंपेटला हात लावत नसत. “वास भरतो ना छातीत,” म्हणायचे. एक दिवस तिची कंबर धरली म्हणून ती गेली नाही, तर चारच्या ठोक्याला पलीकडून सूर निघाला. ती कंबरेला पट्टा बांधून उठली.

“आपल्या घराच्या भिंती सहा वर्षं तुझी वाट बघतायत,” नवरा म्हणाला. “त्यांनीही ट्रंपेट शिकावं का?”

“तू गप बस आणि तो रोलर दे.”

पहिल्या रविवारी गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको. तो लठ्ठ, गाल फुगीर, ओठावर अंगठीएवढा गोल वळ. बायकोने भिंतीवरून बोट फिरवलं. “रंग जरा भडकच वाटतो नाही?”

रंगवालीने जीभ चावली. पिवळा तिनेच निवडला होता. आठवडाभरात अख्खं घर फिकट झालं.

दुसऱ्या रविवारी त्यांना खिडक्या खटकल्या. तिने खिडक्या केल्या. तिसऱ्या रविवारी स्वयंपाकघर. तेही केलं. चौथ्या रविवारी लठ्ठ गृहस्थ कुंपणाकडे बघत म्हणाले, “घर छान आहे, पण बाहेरून कळत नाही.” त्या रात्री रंगवाली जेवताना घासाऐवजी ब्रश तोंडात घालणार होती, असं नवरा अजून सांगतो. पण तिने कुंपण केलं. पलीकडे संध्याकाळपुरता मुलीचा कापूस निघाला होता. पोरगी चार धडे पुढे गेली होती. एवढ्यावर बाईने चार घरं रंगवली असती.

मागच्या गल्लीत, मास्तरांच्या दुसऱ्या फाटकासमोर, एक गच्चीवाला नुकताच राहायला आला होता. गळक्या गच्च्या दुरुस्त करणारा. दारात डांबराची पिंपं. एका सकाळी ट्रंपेट चालू असताना तो दोन्ही कानांत बोटं घालून उभा दिसला.

“थोडी कळ काढा, दादा,” रंगवाली म्हणाली. “घर विकलं जातंय. मी लागलेय ना मागे.”

“तुमच्या तोंडात साखर पडो, ताई!”

पाचव्या रविवारी गिऱ्हाइकाने सगळीकडे बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. “झकास,” लठ्ठ गृहस्थ म्हणाले. मास्तरांनी डोळे पुसले.

सोमवारी पहाटे ट्रंपेट वाजलं नाही. रंगवाली सवयीने पाचला जागी झाली आणि शांततेच्या आवाजाने दचकली. दार उघडून पाहिलं, तर फाटकावरची पाटी गायब. खिळ्याचं भोक तेवढं उरलेलं.

“विकलं!” तिने नवऱ्याला हलवलं. “ऊठ. मी जिंकले!”

संध्याकाळी ती केक घेऊन निघाली. मास्तरांच्या दारात पोचली, तोच आत ट्रंपेट सुरू झालं. शेवटचं वाजवून घेत असतील, तिने मोठ्या मनाने म्हटलं. वाजवू देत बापडे. तिने कडी वाजवली. कोणी आलं नाही. तिने रंगवलेल्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं.

मास्तर आत नव्हते. लठ्ठ गृहस्थ खुर्चीत बसले होते, गाल फुगवून, ट्रंपेट ओठावरच्या वळात नेमकं बसवून.

मागच्या गल्लीतून ठक ठक ऐकू आली. केक सांभाळत रंगवाली कोपऱ्यावरून वळली.

“जरा उजवीकडे, दादा,” मास्तर म्हणत होते. “लांबून दिसली पाहिजे. रंगावर तर गिऱ्हाईक फिदा आहे हो. शेजारच्या ताईंनी हौसेने काढून दिला, देवमाणूस. पण म्हणतात, गच्ची गळते.”

गच्चीवाल्याने पाटीला सातवं भोक पाडलं, हातोडी खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

“गच्चीचं मी बघतो, मास्तर.”