आकाश बंद
आईचे पाय गेल्यापासून दर वर्षी माझा धाकटा भाऊ आ-लुंग मात्सू देवीच्या पालखीवर ड्रोन उडवायचा आणि आई तिसऱ्या मजल्यावर, पलंगावर बसून फोनच्या पडद्याला हात जोडायची. यंदा त्यानंच मिरवणुकीवरचं आकाश ड्रोनसाठी बंद करायला लावलं. तो पोलिसात, बंदोबस्त त्याच्याकडे. गेल्या वर्षी कुणाचातरी ड्रोन गर्दीत कोसळला होता, म्हणून बंदीची मागणी त्यानंच नगर कार्यालयाकडे पाठवली. "पालखीचा रस्ता कोणता, असं विचारत होते," मिरवणुकीच्या दिवशी बंदोबस्तातून घटकाभर घरी आलेला तो सांगत होता. "म्हटलं, देवी मनाला येईल तिकडे वळते. अख्ख्या गावावरचं बंद करा." "गावाची काळजी केलीस, आणि आईचं काय?" मी भडकले. आई मांडीवरचा ड्रोन लेकरासारखा पुसत म्हणाली, "ओरडू नकोस गं त्याला. कुणाचं डोकं फुटण्यापेक्षा बरं." तेवढ्यात फटाके जवळ आले. पालखी आमच्याच गल्लीत वळली होती. देवीचा आशीर्वाद म्हणून ती अंगावरून जावी, यासाठी खाली लोक रस्त्यात ओळीनं पालथे पडू लागले. आ-लुंगनं टोपी माझ्या हातात कोंबली, आईला पाठुंगळी घेतलं, जिना उतरून तिला त्या ओळीत निजवलं आणि वर्दीसकट स्वतःही शेजारी पालथा झाला. पालखी दोघांवरून डुलत पुढे गेली. आईला उठवताना त्यानं भीत भीत विचारलं, "ड्रोन नाही म्हणून रागावलीस?" पालखीची झालर जिथे घासून गेली, त्या आपल्या खांद्यावर हात ठेवून आई म्हणाली, "मेल्या, तू इतक्या हौसेनं दाखवायचास, म्हणून कधी बोलले नाही. इतकी वर्षं मला दिसायचं ते पालखीचं नुसतं छप्पर."