गोठणाऱ्या पावसाचा इशारा

लाउडस्पीकर खरखरला आणि सरपंच ब्योन यांचं खाकरणं दरीभर घुमलं.

"गावकऱ्यांनो, हवामानाचा इशारा ऐका. दुपारपासून गोठणारा पाऊस. जमिनीला लागला की त्याचा बर्फ होणार. मागोमाग कडाक्याची थंडी. घाटातली बस बंद. कुणी घराबाहेर पडू नका, पाहुण्यांनाही येऊ नका म्हणून कळवा."

जोमसुन अंगणात मुळ्याचा पाला दोरीवर वाळत घालत होती. तिने मान वर केली. आभाळ निळंशार होतं. ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

आज तिचा मुलगा इनचोल सोलहून यायचा होता, तिला न्यायला. शहराजवळच्या वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली ठरली होती. मध्ये एकदा ती गॅसवर पातेलं ठेवून शेजारी गप्पा मारायला गेली होती. त्याआधी नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली होती.

"आई, तुझं डोकं आता पहिल्यासारखं राहिलं नाही," इनचोल म्हणाला होता.

"पातेली सगळ्यांचीच करपतात," ती म्हणाली होती. मग तो रडायला लागला, म्हणून ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार, असं त्याने धरलं.

गल्लीत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. शेजारची कुमजा चुलीत जळून गेलेल्या कोळशाच्या वड्या फोडून रस्त्यावर राख पसरत होती.

"अगं, कोरड्या रस्त्यावर कसली धूळ करतेस?"

"निसरडं होणार ना, ताई! या वयात कंबरडं मोडून घ्यायचंय का?"

"ऊन पडलंय की."

"तू आत जा बघू. गारठशील." कुमजा मान खाली घालून राख पसरत राहिली.

जोमसुन आत आली आणि तिने टीव्ही लावला. हवामान सांगणारी मुलगी नकाशात त्यांच्या गांगवोन प्रांताच्या डोंगरांवर हात फिरवून म्हणाली, थंडी आहे, पण दिवसभर स्वच्छ ऊन. जोमसुन तडक कुमजाच्या अंगणालगतच्या भिंतीपाशी गेली.

"कुमजा, टीव्हीवर तर ऊन सांगतायत!"

"काहीतरीच काय! मीही तेच बघत होते. गोठणारा पाऊस म्हणाली ती. नीट ऐकलंस ना?"

जोमसुनने कानाला हात लावला. नीट ऐकलं होतं की नव्हतं? एका क्षणापूर्वी तिला खात्री होती.

दुपारी जेवण झाल्यावर ती परसात मातीच्या रांजणांवरची झाकणं पुसत होती. गल्लीतून सरपंचांचा आवाज आला. ते फोनवर बोलत होते.

"पडतोय की, इनचोल! सकाळी म्हटलं तसंच झालं. रस्ता नुसता काचेसारखा झालाय. मी स्वतः आत्ता आपटलो, ढुंगण शेकतोय बसून... तुझ्या फोनवर ऊन दाखवतंय? अरे, त्या फोनला आमची खिंड कुठे माहीत आहे! गाडी दरीत घालायचीय का तुला? थांब, कुमजाकाकूशी बोल."

"हो रे बाळा," कुमजाचा आवाज आला. "तुझ्या आईच्या अंगणात तर बर्फाची साल धरलीय. दोरीवरचा पालासुद्धा कडक झालाय. तू येऊ नकोस. आम्ही आहोत ना."

जोमसुनने अंगणाकडे पाहिलं. एक कोंबडी धुळीत लोळत होती. पाला वाऱ्यावर हलत होता. तिने उकिडवं बसून जमिनीवर तळवा टेकला. जमीन कोरडी होती, उन्हाने कोमट झालेली.

गल्लीत जाऊन विचारावं? काय विचारावं? पाऊस पडतोय का? भर पावसात उभं राहून बाई असं विचारते, हे इनचोलला कळलं तर?

ती उठली. कोपऱ्यातली छत्री घेतली आणि उघडून बाहेर पडली.

गावच्या सभागृहात खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर बसून म्हातारी मंडळी पत्ते खेळत होती. बटाट्याची धिरडी मधोमध होती. सरपंच ब्योन धिरड्याचा तुकडा मोडत म्हणाले, "इनचोल वळला माघारी. अर्ध्या वाटेवरून. आता दोन-चार दिवस हवामान असंच ठेवतो. तोवर वृद्धाश्रमातल्या त्या खोलीत दुसरं कुणीतरी जाईल."

"ताईला सांगून टाकू या का?" कुमजाने विचारलं. "बिचारी गोंधळलीय."

"मुळीच नको. वहिनींच्या पोटात काही राहत नाही. पोराचा फोन आला की सगळं ओकून मोकळ्या होतील."

तेवढ्यात कुणीतरी खिडकीकडे बोट दाखवलं. लख्ख उन्हात जोमसुन डोक्यावर छत्री धरून, राखेवरून एकेक पाऊल जपून टाकत चालली होती.

कुमजाला हसू आवरेना. "अहो, तिला सगळं कळलंय! काय झकास सोंग वठवतेय बघा!"

सरपंचांनी खिडकी उघडली. "वहिनी, जपून हं! फार निसरडं आहे!"

"हो, फार पडतोय," जोमसुन म्हणाली. तिने हात हलवला. आतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ऊन डोंगराआड जायच्या आत ती घरी पोचली. छत्री मिटून तिने दाराशी ठेवली, कपाटातले लोकरीचे कपडे काढून गाठोडं बांधलं आणि फोन लावला.

"आई? बाहेर नाही ना पडलीस? पाऊस थांबला का?"

तिने दारातून उन्हातल्या अंगणाकडे पाहिलं.

"आई?"

"इनचोल, रस्ता मोकळा झाला की लगेच ये, मला घेऊन जा," ती म्हणाली. "तुझं खरं होतं रे. सगळ्या गावावर पाऊस पडतोय आणि मला अजून ऊन दिसतंय."