एकच चक्कर

"नाही, मावशी. आज विमान उडणार नाही," शफी दुसऱ्यांदा म्हणाला.

ठमाबाई जागची हलली नाही. विंचूरच्या पुढच्या त्या माळावर वारा नुसता घोंघावत होता. शफी ज्या विमानावर पोरांना उडायला शिकवायचा, ते दोन माणसांचं इवलंसं विमान दोरांनी खुंट्यांना बांधलेलं होतं. तरी त्याचे पंख थरथरत होते.

"एकच चक्कर, साहेब. माझा सोमा पडला ती जागा वरून बघायचीय. त्यानं शेवटी काय बघितलं, तेवढं मला बघू द्या."

शफी सोमाला चांगला ओळखायचा. सोमनाथ दुसऱ्या एका मैदानावर पाहुण्यांना विमानातून फिरवायचा, पण जाता-येता इथं चहाला थांबायचा. घरच्या मळ्यातली शेवंती आणायचा आणि एक फूल हटकून शफीच्या कानामागे खोचायचा. कुणाचं मन मोडणं त्या पोराला जमायचंच नाही. गेल्या हिवाळ्यात एक पाहुणा हट्टाला पेटला. द्राक्षबागेचा व्हिडिओ काढायचाय, अजून खाली घे म्हणाला. तितकं खाली उतरायला नियमानं बंदी होती. सोमनाथला ते पाठ होतं. तरी तो खाली उतरला. विजेच्या तारा दिसल्या तेव्हा उशीर झाला होता. दोघंही गेले.

आणि आता त्याची आई पदर पसरून समोर उभी होती.

"पाच मिन्टं फक्त. इथं कोण बघायला बसलंय?"

खरंच कुणी नव्हतं. शफीचा हात दोराकडे गेला. गाठ अर्धी सुटलीसुद्धा. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि विमानाचा एक पंख वर उचलला गेला. शफीनं गाठ पुन्हा आवळली, होती त्याहून घट्ट.

"मावशी, मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. वारा पडेल त्या दिवशी मी स्वतः घरी येऊन तुम्हाला घेऊन जाईन. पण आज नाही म्हणजे नाही."

ठमाबाईनं पसरलेला पदर आवरला. डोळे वाहत होते, पण चेहरा हळूहळू सैलावला. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"याच्याआधी दोन मैदानं हिंडून आले. वारा असाच होता. मी रडले, तर तिथले दोघंबी पायलट म्हणाले, चला, बसा."

"मग बसला का नाहीत?"

"मला कुठं बसायचं होतं? थोरला गेला, तरी धाकटीला पायलटच व्हायचंय. लय समजावलं, ऐकत नाय. अन् तीबी सोमावानीच, कुणाचं मन मोडवत नाय तिला. मग म्हटलं, शिकू दे, पण कुणाच्या हाताखाली, ते मी बघीन."

ती फाटकाकडे वळली आणि बाहेर उभ्या असलेल्या रिक्षाच्या दिशेनं तिनं मोठ्यानं हाक मारली, "शुभे, ये गं आत! हे सर नाय म्हणत्यात."