शेवग्याची शीर

"शेवग्याची शीर अडकलीय, डॉक्टर," मुलुंडमधल्या त्या शाकाहारी सोसायटीचे चेअरमन घसा धरून कण्हले. "अहो, पण काल घरी भेंडी होती!" शेजारी बसलेली बायको म्हणाली. मास्कमुळे त्यांनी डॉक्टर श्रुतिकाला ओळखलं नव्हतं, आणि बाहेर केसपेपर लिहिणाऱ्या तिच्या आईकडे तर बघितलंही नव्हतं. गेल्या महिन्यात फ्लॅट बघायला गेलेल्या या मायलेकींना त्यांनीच लिफ्टपाशी अडवलं होतं. नाकाला रुमाल लावून सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मासेखाऊंना इथे जागा नाही!" श्रुतिकाने घशात बॅटरी मारली. टॉन्सिलमध्ये रुतलेला बांगड्याचा काटा मालवणी नजरेने लगेच ओळखला. चिमटा उचलून ती मुद्दाम थांबली. "खरं काय खाल्लंत? सांगितल्याशिवाय काढणार नाही." चेअरमननी चोरून बायकोकडे बघितलं आणि कपाळावरचा घाम पुसत ते पुटपुटले, "बांगडा." "मोठ्याने बोला," श्रुतिका म्हणाली, "बाहेर आईला केसपेपरवर लिहायचंय."