वयाचा दाखला

सेन्सॉरच्या छोट्या थिएटरात दिवे लागले.

"शाळकरी पोरांचं प्रेम गोड आहे, नाचही झकास. पण तो मुका? असलं बघूनच कोवळी मुलं बिघडतात," अध्यक्षीणबाईंनी सुनावलं. "अठराच्या आतल्या कुणालाही दाखवायचा नाही."

निर्मात्याने तोंड पाडून बाहेर येऊन निकाल सांगितला. बाकावर आईशेजारी सिनेमाची नायिका बसली होती. यंदा दहावीला.

"म्हणजे माझाच सिनेमा मला बघता येणार नाही?"

"नाही गं सोन्या," आई म्हणाली. "लहान आहेस तू अजून."

मुक्याच्या शॉटला ती रडत मेकअपच्या खोलीत दडून बसली होती. तेव्हा दंडाला धरून तिला कॅमेऱ्यासमोर आणताना हीच आई म्हणाली होती, "एवढी घोडी झालीस, लाजतेस कसली?"