आईचा आवाज, किंचित खाली

दुरुस्तीवाल्याने काउंटरवर निळे फडके अंथरून तीन म्युझिक प्लेअर ओळीने मांडले. आक्कांनी चष्मा चढवला, हात पाठीमागे बांधले आणि शाळातपासनीस वर्गात शिरावा तशा त्या तिघांसमोर उभ्या राहिल्या.

"हा नवा आहे, आजी. दिसायला देखणा. पण कंपनीनं ह्याला आतून कुलूप घातलंय. तुम्हाला हवी ती प्रणाली ह्याच्यावर चढत नाही."

"आजी तुमच्या घरच्या. मला बाई म्हणा. आणि चढत नाही, तर मांडलात कशाला? उचला."

तो उचलला गेला. शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावाने हसू दाबले. पंचावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला गृहस्थ. पण आक्कांच्या लेखी तो अजून बाळच होता आणि हाकही तीच होती.

"ही प्रणाली म्हणजे काय भानगड आहे?" बाळने विचारले.

"कंपनीचं आतलं सगळं पुसायचं आणि हे घालायचं. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलंय. कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं. फुकट."

"फुकट?" आक्का म्हणाल्या. "मग खोट कुठे आहे?"

"खोट एवढीच, की हे जुन्या यंत्रांवरच नीट चालतं."

"म्हणजे आमच्याच वळणाचं आहे. पुढे बोला."

"कंपनीचं असतं, तेव्हा लावा आणि बंद करा, एवढंच. ह्यात आवाजाचा वेग दशांश टक्क्यानं खाली-वर करता येतो."

त्या दशांशासाठीच आक्का आल्या होत्या. त्रेपन्न वर्षांपूर्वी आईने दूरच्या मावशीसाठी स्वेटरची वीण टेपवर सांगून ठेवली होती. टेप पाठवायची राहिली आणि पुढच्या महिन्यात आईच गेली. त्या दिवशी टेपरेकॉर्डरचे सेल संपत आले होते. फीत रेंगाळत फिरली. म्हणून पुढे जेव्हा जेव्हा ती पूर्ण वेगाने वाजली, तेव्हा आईचा आवाज बारीक आणि घाईघाईचा उमटला. भाचीने ती टेप संगणकावर उतरवून दिली, तीही तशीच. आईचा खरा आवाज ठाऊक असलेले माणूस जगात आता एकच उरले होते. आणि त्या माणसाने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षे नुसत्या 'हॅलो'वरून माणसे ओळखली होती.

दोन प्लेअर उरले, दोन्हींत ती प्रणाली आधीच घातलेली. एकाला गुळगुळीत फिरती चकती. दुसरा जाडजूड, पाठीवर ओरखडेच ओरखडे, पण बटणे ठसठशीत. आक्कांनी डोळे मिटून एकेक बटण दाबून पाहिले. मग तो कानाशी नेऊन नखाने टकटक केले.

"आक्का, भोपळा नाही घ्यायचा आपल्याला!"

"तू गप बस. चकतीवर बोट घसरतं. किती दाबलं ते बोटाला कळलं पाहिजे. हा द्या."

दुरुस्तीवाल्याने त्यात आईच्या टेपचे कार्ड सरकवले, इयरफोनची वायर जोडली. आक्कांनी एक टोक कानात घातले. दुसऱ्यासाठी बाळने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"आधी मला लावू दे."

"मला विचारशील तर आहे तीच आई बरी आहे," बाळ पुटपुटला. "दोन वर्षांचा होतो मी. मला तेवढीच मिळाली."

"ती आई नव्हे. ते संपत आलेले सेल आहेत."

आक्कांनी अंगठा बटणावर ठेवला. शंभर. नव्व्याण्णव. चाळीस टाके घाल, दोन सुलट, दोन उलट, आई भराभरा सांगत होती. चौऱ्याण्णवावर तिच्या आवाजातले पोरपण गेले. एक्क्याण्णवावर घाई गेली. एकोणनव्वदाच्या थोडे वर, शब्द संपताना घशात किंचित खरखर ऐकू आली, आणि आक्कांचा अंगठा थांबला.

"ही," त्या म्हणाल्या. "ही आई."

निकाल द्यावा तशा म्हणाल्या. मग वायरीचे दुसरे टोक त्यांनी भावाच्या हाती दिले.

बाळ जमिनीकडे पाहत ऐकत राहिला. मग ओळखीचे कोणी अचानक समोर यावे तसा तो हसला.

"आक्का, ही तर तू आहेस."

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"अगं, देवाशपथ! 'गप झोप, उद्या शाळा आहे' म्हणायचीस ना, अगदी तस्सं. असाच खालचा सूर, असाच दम."

आक्कांनी बटण एकदा वर दाबले. ऐकले. आणखी एकदा वर; मग दोनदा खाली. प्रत्येक आकड्यावर क्षणभर आई वाटे, आणि दुसऱ्या क्षणी नसे. कुणी कुणाला फोन लावला आहे हे श्वासावरून सांगणारा तो कान मुका झाला होता.

"आकडा लिहून देऊ का, बाई?" दुरुस्तीवाल्याने कागद पुढे ओढला.

आक्कांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"बाळ," त्या हळूच म्हणाल्या, "मग आईचा कुठला रे?"

"मला काय विचारतेस, आक्का?" तो म्हणाला. "मला तर तूच सांगणार होतीस."