देवरावची धास्ती

मालगाडीचा ड्रायव्हर देवराव आत्राम टकरीत गेला, त्याला नऊ वर्षं झाली. चौकशीवाल्यांनी त्याच्या मेंदूची नक्कल, 'आपणच सिग्नल चुकीचा पुकारला की काय' या शेवटच्या धास्तीसकट, प्रत्येक इंजिनात बसवली. तो अजून मोठ्यानं सिग्नल पुकारतो आणि घाबरून वेळेआधीच ब्रेक लावतो. तेव्हापासून एकही टक्कर नाही.

आज त्याच्या बायकोला, कुसुमला, यार्डातल्या एका इंजिनातल्या नवऱ्याशी बोलायची परवानगी मिळाली होती.

"सिग्नलच बिघडला होता साहेब. ह्यांनी पुकारलेला हिरवा खराच होता, एवढंच सांगते त्यांना."

"सांगा. पण तो निर्धास्त झाला, की ब्रेक उशिरा लागेल," रेल्वेचे साहेब म्हणाले.

समोर तिची लेक पहिल्या ड्यूटीला त्याच इंजिनावर चढत होती.

कुसुमनं माइक तोंडाशी धरला. "अहो, तो लालच होता. तुम्ही हिरवा कसा काय पुकारलात?"